दोन्ही टिपाडांना फडकं

चाचा, हे लिहायचं मी लई दिवस टाळलं. आधी वाटलं, गेलेल्या माणसाला काय लिहायचं. मग वाटलं, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, पाटीवरचं 'येथे' आणि 'नाही' एवढंच ओळखू यायचं, रोजचा पेपर मी वाचून दाखवायचो, तर हे तरी वाचणार कोण. मग पेन नव्हता. पेन सापडला तर गिऱ्हाईक बसलेलं. अशी कारणं काढता काढता आठ उन्हाळे गेले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बहाने कम कर रे, गिलास उठा." तर आज गिलास उचलून झालेत. दुपारचे साडेतीन वाजलेत, शटर अर्धं खाली आहे, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकल्यात, आत मावशी भांडी घासायलीय आणि मी ऑर्डर घ्यायच्या पॅडची पानं उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायलोय. संध्याकाळी सहाला नाशिकची गाडी आहे. बॅग भरून काउंटरच्या खाली ढकलून ठेवलीय. शेठला सांगितलेलं नाही, मावशीलाही नाही.

मला भीती वाटायलीय, चाचा. जेवण जात नाही. परवा खाकी पॅन्ट दिसली तर मी मोरीत जाऊन नळाला पाणी नसताना हात धूत उभा राहिलो, निघाला तो गॅसच्या सिलेंडरवाला. गोष्ट अशी आहे की एक माणूस माझ्या हातचं पाणी पिऊन आजारी पडला, आणि आता तो आहे का गेला हे मला ठाऊक नाही. पाणी चुकीचं होतं हे तिघांनाच माहीत आहे. मला, शेठला आणि मावशीला. आता तुम्हाला. पण सरळ त्या दिवसावर आलो तर तुम्हाला कळायचं नाही चूक कशी झाली, कारण चूक तुमच्याच शिकवणीतून झाली. रागावू नका. नीट सांगतो.

मी तुमच्याकडं शहागंजात आलो ते साल आठवा. त्या साली माझ्या बापानं मेंढरं विकली. पडेगावच्या मागं दौलताबादच्या अंगाला आमचा मुक्काम असायचा, तिथलं तळं चैतातच आटलं, आणि जिथं चारा असायचा तिथं कुणीतरी चुना लावलेले दगड रोवून प्लॉट पाडले. बाप बजाजनगरच्या बाजूला एका गेटवर वॉचमन लागला. अंगावरचं घोंगडं गेलं आणि निळा शर्ट आला, तर आमचा कुत्रा आठ दिवस त्याच्यावर भुंकायचा. मेंढरांचं एक सांगतो, मग पुढं जातो. मेंढरू पाण्याला आधी नाक लावतं. वास आला की मागं सरतं, मग कितीबी हाका मारा, तोंड लावत नाही. बाप म्हणायचा, "मेंढरानं तोंड फिरवलं का आपुनबी पिऊ नये." मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, दहावीला दोनदा आपटलेला, कुठंच महिनाभर न टिकलेला. तुमच्या हॉटेलात शिरलो तो काम मागायला नाहीच, पंख्याखाली उभं राहायला. तुम्ही गल्ल्याजवळ उभे होता, खांद्यावर नॅपकिन. वरून खाली बघितलं आणि विचारलं, "काम होना क्या हवा होना?" मी म्हणालो, दोन्ही.

पहिल्याच दुपारी मी चार गिलास एका हातात उचलून आणले, चार बोटं चार गिलासांत बुडवून. गावाकडं लग्नात सगळे तसेच आणतात. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही मला त्याच खुर्चीवर बसवलं. "बैठ. अब तू मेहमान." मला वाटलं जेवायला देताय. तुम्ही तंबाखू मळली, चुना लावला, तोंडात टाकली, आणि तेच बोट गिलासात पार मुळापर्यंत बुडवून गिलास माझ्यासमोर ठेवला. "पी." सगळं हॉटेल बघत होतं. मी गिलासाकडं बघत राहिलो. "क्यूं? पियास नै लगी? सुबू से तो पंके के नीचे हांप रा था." भटारखान्यातले पोट धरून हसायले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तुम्ही तो गिलास उचलून ओतला, माझ्या शेजारी बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "देख बेटा. आदमी सालन कू सूंगता, रोटी पलटा के देखता. पानी कू कोई नै सूंगता. तेरे हात से लेता और सीदा हलक में. इत्ता भरोसा तो वो अपने भाई पे नै करता." मी म्हणालो मेंढरं सुंगतात. तुम्ही म्हणालात, "तो फिर मेंढी होशियार, आदमी हौला."

तो उन्हाळा किती वाईट होता. नळाला पाणी कधी येईल ते देवाला माहीत, आलं तर अर्धा तास. हॉटेलात टँकर यायचा आणि प्यायचं पाणी वेगळं, जारचं. मागच्या बाजूला दोन निळी टिपाडं, सारखीच, सारखंच झाकण. झाकणं कुणीतरी चोरली. तेव्हा तुम्ही तुमचा जुना मलमलचा कुर्ता फाडला आणि प्यायच्या टिपाडाच्या तोंडाला फडकं बांधलं. दुसरं उघडं ठेवलं. "ढका हुवा पीने का, खुला हुवा धोने का. अंदा बी हात लगाके बता सकता." रोजे आले. तुम्ही दिवसभर घोटभर पाणी न पिता टेबलाटेबलावर पाणी ठेवत फिरायचात, आणि गिऱ्हाईक "चाचा, जरा थंडा लाव ना" म्हणालं की बर्फ टाकून आणायचात. मला बघवायचं नाही. मी विचारलं, तहान लागत नाही का. तुम्ही म्हणालात, "लगती ना. लगनाच चइये." ईदेला मला काळे बूट दिलेत, रबरी तळव्याचे. "फिसलेगा तो सालन गिरेगा. सालन गिरा तो मेरी नाक गिरेगी." ते बूट मी फाटेपर्यंत घातले. त्यानंतर मी नऊ हॉटेलं बदलली, चाचा. जालना रोड, पैठण, वाळूज, मध्ये दोन महिने एका लग्नाच्या केटरिंगवाल्यासोबत जत्रेजत्रेनं. कुठं भांडून सोडलं, कुठं कंटाळून, एके ठिकाणी तर समोरून जाणाऱ्या ट्रकमध्ये ओळखीचा दिसला म्हणून. पण जिथं जाईन तिथं पहिल्या दिवशी प्यायच्या टिपाडाला फडकं बांधायचो. लोक हसायचे. मी म्हणायचो, माझ्या वस्तादाचा नियम आहे. दुसरं काही तुमच्याकडून शिकलो नाही, टिकून राहायला तर नाहीच. तेवढ्या एका फडक्याचा मला लई अभिमान होता.

आता हे हॉटेल गारखेड्यात आहे. फॅमिली रेस्टॉरंट म्हणायचं, हॉटेल म्हटलं की शेठला राग येतो. शेठ माझ्याच वयाचा, बापाची जमीन बायपासला गेली त्यातून हे उभं केलं. तुम्ही ओळखणार नाही हा भाग. जिकडं बघाल तिकडं सात मजली, दारात हिरवळीचं चित्र आणि चित्राखाली टँकर उभा. परवा एका बिल्डिंगच्या बोर्डावर पोहण्याचा तलाव काढलेला, आणि त्याच बोर्डाच्या सावलीत बाया रांगेत हंडे घेऊन बसलेल्या. मी तिथं पंधरा मिनिटं उभा राहिलो. मला कुठंही उभं राहायची सवय आहे, तुम्हाला माहीतच आहे. त्याच सवयीनं घात केला.

सहा नंबरच्या टेबलावर रोज संध्याकाळी साडेसातला एक काका यायचे. दोन गल्ल्या मागं राहतात. कचेरीत हेडक्लार्क होते, बायको वारल्यापासून एकटे, मुलगी पुण्याला. बसले की खिशातला रुमाल काढून आधी टेबल पुसणार, मी आत्ताच पुसलेलं असलं तरी. मग चष्मा लावून मेनू कार्ड असं वाचणार जसं काही सरकारी आदेश आहे. "अरे, ह्यात 'व्हेज कोल्हापुरी' लिहिलंय. ह्यातलं कोल्हापूर मला काढून दाखव, मग ऑर्डर देतो." मग दरवेळी वरण, दोन पोळ्या आणि जी भाजी असेल ती. आणि मी ताट ठेवलं की ठरलेलं वाक्य, "बोला, आज कोणतं विष वाढलंत?" मी म्हणायचो, "ताजं आहे काका, आजच आणलंय." एवढा आमचा विनोद. मला ते सारखे शिकवायला बघायचे. "दहावी राहिलीय म्हणतोस, मग बस की. मी घेतो तुझं गणित." मी हो म्हणायचो आणि दुसऱ्या टेबलावर सटकायचो. पाण्याची बाटली मात्र ते स्वतःची आणायचे, घरून उकळून. माझ्या गिलासाला कधी हात लावला नाही. मला राग नव्हता. उलट बरं वाटायचं की चला, एक तरी माणूस मेंढरासारखा शहाणा आहे.

तो मंगळवार होता. दुपारी टँकर आला तेव्हा टँकरवाला स्वतः म्हणाला, "हे ओढ्याकाठच्या विहिरीचं हाय, भांड्याला वापरा, प्यायला घेऊ नका." मी ऐकलं. मीच पाइप धरला होता. चार वाजता वारं सुटलं, असं की समोरचं फ्लेक्स फाटून तारेला अडकलं, आणि मागच्या अंगणातल्या भांड्याच्या टिपाडात माती पडायली. मावशी ओरडली, "अरे बघ ना, समदी माती चाललीय पाण्यात, कपबशा कशा धुवू म्या?" मी धुतलेला एक नॅपकिन घेतला आणि भांड्याच्या टिपाडालाही बांधून टाकला. मावशी म्हणाली, "बरं केलंस बाळा." मलाही बरं वाटलं. वारं थांबलं की सोडायचा, एवढं मनात होतं. तेवढ्यात रस्त्यावरून एक उंटवाला चालला. उंटाच्या गळ्यात आरसे, आणि त्या धुळीतून तो असा चालायला जसं त्याला कुठंच जायचं नाही. मी त्याच्या मागं चौकापर्यंत गेलो. चौकातून पुढच्या गल्लीपर्यंत. उंट काय खातो, रोज किती चालतो, राजस्थानात पाणी कसं पुरवतात, असलं सगळं विचारत. परत आलो तेव्हा दिवे लागले होते आणि चार टेबलं भरली होती, आणि शेठ दारात, "कुठं मेला होतास?"

पुढचं तुम्हाला कळलं असंल. टेबलांवरचे पाण्याचे जग रिकामे होते. मी पळत मागं गेलो. दारालगत भांड्याचं टिपाड, कोपऱ्यात प्यायचं. अंधारून आलेलं. इतक्या वर्षांत माझ्या हाताला एकच गोष्ट पक्की झालीय, फडकं लागलं की प्यायचं. हाताला फडकं लागलं. मी ते उचललं, ओगराळ्यानं तीन जग भरले, बर्फ टाकला, धावत बाहेर आलो. स्टीलच्या जगात बर्फ टाकल्यावर पाणी कसलं आहे ते देवालाबी दिसत नाही. काका त्या दिवशी बाटली विसरले होते. धुळीनं त्यांना खोकला लागलेला. मी गिलास ठेवला तर त्यांनी हातात धरला, आणि चाचा, त्यांनी विचारलं. बाकी कुणी विचारत नाही, त्यांनी विचारलं. "पाणी कुठलं रे हे?" मी म्हणालो, "जारचं आहे काका. बिनधास्त प्या." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू म्हणतोस तर पितो." दोन गिलास प्यायले. दुसरा मीच भरला.

सकाळी मावशी मागून आली ती हातात नॅपकिन धरून. "काल प्यायचं कशातून काढलं रे? कोपऱ्यातलं टिपाड तर भरल्यालं तसंच हाय." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग खालीच बसली. मी शेठला सांगितलं. शेठनं आधी मागचं दार लावलं. "किती टेबलं?" मी म्हणालो पाच-सहा. "कोणी काही बोललं?" नाय. "मंग तूबी बोलू नको. साऱ्या शहराचं पाणी खराब हाय, कोणाला कुठून काय झालं हे बाप येऊन सांगणार नाय. कळलं का? तू बोललास तर शटर माझं पडंल, आणि आत तू जाशील, मी नाय." मी व्हय म्हणालो. मावशीपण व्हय म्हणाली, तिला दोन पोरी आहेत. खरं सांगायचं तर शेठनं दम दिला म्हणून मला हायसं वाटलं. माझ्यावरचं ओझं कुणीतरी गप बस म्हणून उचललं असं वाटलं.

पण काका रोज यायचे. तिथून माझी भीती सुरू झाली. बाकीच्या टेबलांचे चेहरे मला आठवतसुद्धा नाहीत, ते कुठं आहेत, कसे आहेत, काहीच माहीत नाही, आणि रात्री पडल्यावर ते बिनचेहऱ्याचे येऊन बसतात. काकांचा चेहरा मात्र रोज साडेसातला समोर. मी ताट ठेवताना त्यांच्याकडं चोरून बघायचो. पोटावर हात ठेवला की मी हिशोब करायचो, किती दिवस झाले. आठ दिवस काही झालं नाही. पंधरा झाले. मी मारुतीला नारळ बोललो. "आज कोणतं विष?" ते म्हणाले तेव्हा माझ्या हातून आमटीची वाटी कलंडली. ते हसले, "अरे, एवढं खरं काय धरतोस?" तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक पोळी परत दिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही. "तोंडाला चवच नाही रे. ऊन बाधलं असेल." बाटलीतलं स्वतःचं पाणी प्यायले, गोळी घेतली. आणि एका संध्याकाळी बिल द्यायला मान वर केली तर ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं बोट पुसल्यासारखा पिवळा दिसला. मला तिथंच सांगायचं होतं. शपथेवर, तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते, "काका, बडीशेप?"

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. आज एकोणीस दिवस झाले. सहा नंबरवर दुसरं कुणी बसलं की मी उगाच टेबल परत पुसतो. दहाव्या दिवशी मी ठरवलं, जायचं. दुपारी याच वेळेला निघालो. दोन गल्ल्या, चाचा, दोन. वाटेत बोअर मारायची गाडी लागली होती, लोक गोळा झालेले, किती फूट गेलं, धुरळा आला, ओल आली का, मीपण उभा राहिलो. साडेचारशे फुटांपर्यंत कोरडा पांढरा धुरळाच उडत होता. घरमालक हात जोडून उभा. अर्धा तास गेला. मग उसाचा रस प्यायलो. मला मुद्दाम उशीर करायचा होता हे मला तेव्हाही कळत होतं. शेवटी त्यांच्या बिल्डिंगपाशी पोचलो. खाली टेम्पोतून पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवायले होते, आणि जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग. माणसं हळू आवाजात बोलत होती. कुणाला विचारायला पाय उचलेना. एका माणसानं माझ्याकडं बघितलं, "कोणाकडं?" मी म्हणालो, "पत्ता चुकला." आणि जो निघालो तो मागं न बघता. तेव्हापासून मी धरून चाललोय की ते गेले.

हे असं दारातून परत यायचं मी आधी एकदा केलंय. ते सांगायलाच हे पत्र आठ वर्षं अडलं होतं, उंट आणि मेंढरं मध्ये घातली तरी शेवटी इथंच यायचं होतं. तुम्ही दवाखान्यात होता त्या उन्हाळ्यात. छातीत पाणी झालं म्हणायले. तुम्ही निरोप पाठवला होता की पोराला सांगा, एक दुपार येऊन बस, पेपर वाचून दाखव. मी आलो होतो, चाचा. तुम्हाला कुणी सांगितलं नसंल. पेपर घेतला होता आणि तुम्हाला आवडायची ती खारी घेतली होती. वॉर्डाच्या दारात आलो. तुम्ही कॉटवर कुशीला वळला होता आणि तुमचा हात कॉटच्या बाहेर लोंबत होता, इतका बारीक की मला आधी दुसऱ्या कुणाचा वाटला. बाजूच्या स्टुलावर गिलास होता, पाण्यानं भरलेला. तुम्ही हात लांबवून तो घ्यायला बघत होता. बोटं पोचत नव्हती. मी दारात उभा. पाच पावलं. मला इतकी भीती वाटली की मी मागं फिरलो. बसस्टँडवर बसून ती खारी मी एकट्यानं खाल्ली आणि जालना रोडच्या ढाब्यावर कामाला लागलो. तुम्ही गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, तेपण एका अंडेवाल्याकडून. पाणी तुम्हाला कुणी दिलं का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

म्हणून नाशिक. तिथं एकाची ओळख आहे, हायवेला मोठं हॉटेल आहे, म्हणे पाणी चोवीस तास. तिथं कुणी मला ओळखत नाही. पत्र पूर्ण करून बॅगेत टाकायचं असं ठरवलं होतं, पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. मावशी मघाशी दारातून डोकावली. "काय लिव्हतोय येवढं? बायकोला का?" मी म्हणालो, वस्तादाला. "ते तर वारले म्हणला होतास ना?" व्हय. "मंग त्यांला सांगून काय उपेग? ते काय करणार?" मी म्हणालो, काही नाही करणार, म्हणून तर. ती पदरानं हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या डोळ्यापुढून जात नाही रे तो नॅपकिन. बरं केलंस म्हणणारी मीच होते." मग आत गेली. मला पहिल्यांदा कळलं की ती पण झोपत नाही.

चाचा, मध्ये दहा मिनिटं लिहिणं थांबलं होतं. आता काउंटरला उभा राहून लिहायलोय, अक्षर वेडंवाकडं येईल. शटरच्या खालून दोन जोड पाय दिसले. एक बाईचे. दुसरे तपकिरी सँडल, टाचेला झिजलेले, घोटे सुजलेले. मग आवाज, "अहो, कोणी आहे का? वेळ झालेली नाही ते माहितीय मला." मी शटर वर केलं. काका. निम्मे झालेत. शर्ट खांद्यावर टांगल्यासारखा, डोळ्यांत पिवळेपण अजून. त्या पांढऱ्या खुर्च्या दुसऱ्याच कुणासाठी होत्या. एका हातात काठी, दुसरा हात मुलीनं धरलेला. मुलगी म्हणाली, "कावीळ झाली होती, आठवडाभर ॲडमिट होते. मी उद्या ह्यांना पुण्याला नेतेय, कायमचं. पण हट्टच धरला, एकदा सहा नंबरवर बसून येतो म्हणे." काका माझ्याकडं बघून म्हणाले, "तेल नाही, तिखट नाही. नुसता ताक-भात जमेल का तुमच्या रेस्टॉरंटला? आणि तू वाळलास कशानं रे? मला तर निदान कावीळ झाली होती." मी सहा नंबरवरची खुर्ची खाली घेतली, दुसरी घेतली. मावशीनं त्यांना बघितलं, तोंडावर पदर धरला आणि न विचारता भात टाकला. वीस मिनिटं लागतील. शेठ सहाला येतो. उद्या हे पुण्याला.

खरं एक सांगतो, हे मी मावशीलाही सांगणार नाही. शटरखालचे ते पाय ओळखले तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला वाईट वाटलं. हे गेले असं धरून चाललो होतो, तेव्हा भीती होती, पण कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं. तुम्हाला लिहिणं मला जमलं ते त्याच्यामुळंच. आता काका टेबल पुसून झाल्यावर रुमाल खिशात ठेवून, हात वर करून मला बोलवायलेत.